खाडीच्या काठाने सायकलवर

शेणवा, डोळखांब, किन्हवली, सरळगाव या बाजूच्या बंधूभगिनींनो आणि शिक्षकमित्रहो,

तुमच्या शिवारात आषाढात जो पाऊस कोसळतो, त्याचे पाणी शेवटी जाते कुठे, हा प्रश्न एकदा वर्गात विचारून पाहा. मुले म्हणतील, ओढ्याला जाते. ओढा नदीला मिळतो. एखादी चुणचुणीत मुलगी भातसेचे किंवा काळूचे नाव घेईल. भातसेच्या धरणात अडलेले पाणी मुंबईच्या नळाला जाते, हेही तिला ठाऊक असेल. उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वाट पाहताना घरात त्याचा विषय निघतोच. पण धरणात न अडलेले पाणी? ते उल्हास नदीला मिळते, कल्याणवरून ठाण्याच्या बाजूला येते, तिथे त्याला फाटा फुटतो, आणि मुख्य प्रवाह वसईच्या किल्ल्यापाशी समुद्राला भेटतो. या भेटीच्या जागी नदीची गोडी संपलेली असते आणि समुद्राचा खारटपणा पुरता आलेला नसतो. त्या जागेला आपण खाडी म्हणतो.

म्हणजे तुमच्या बांधावरचे पाणी दर वर्षी खाडी पाहून येते. गावातल्या कितीतरी मुलांनी मात्र ती पाहिलेली नसते. पुस्तकात ‘नदीचे मुख’ असे दोन शब्द असतात, मुले ते पाठ करतात आणि गुण मिळवतात. आज मला सांगायचे आहे ते एवढेच, की खाडी पाहायची तर ती सायकलवरून पाहावी, आणि ज्या रस्त्यांवरून ती निवांतपणे पाहता येते ते रस्ते आजच जाऊन पाहून ठेवावेत.

आता तुम्ही म्हणाल, मग वसईलाच जावे, आपलीच खाडी ती. खरे आहे. पण ठाण्याहून तिकडे जाणाऱ्या घोडबंदर रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक आणि कंटेनर धावत असतात. तिथे मुलांना सायकलवर घेऊन जाणे शहाणपणाचे नव्हे. थोडे दूर, दक्षिणेला, रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांच्या किनाऱ्यावर गेलात, तर सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री अशा तीन नद्यांच्या खाड्या ओळीने लागतात. त्यांच्या काठाने जाणारे रस्ते काही सायकलींसाठी राखून ठेवलेले नाहीत. एस.टी. येते, टेंपो येतो, सुटीच्या दिवशी मुंबई-पुण्याच्या मोटारीही येतात. पण आडदिवशी सकाळी निघालात, तर कित्येक मैल तुमच्या चाकांचाच तेवढा आवाज ऐकू येतो.

ही शांतता कुठून आली, ते समजून घेण्यासारखे आहे. कोकणात सह्याद्री समुद्रापासून फार दूर नाही. त्यामुळे नद्या आखूड आणि वेगवान. त्यांच्या मुखाशी समुद्राचे पाणी दरीत आत शिरले आहे. भरतीचे पाणी सावित्रीतून महाडच्या बाजूला आणि वाशिष्ठीतून चिपळूणच्या बाजूला आतवर चढते. जुन्या काळी त्याच पाण्यावरून गलबते मालाची ने-आण करीत. पुढे मोटारींचा काळ आला. मोटारीला पूल लागतो, आणि पूल बांधायचा तर नदी जिथे अरुंद असेल तिथे बांधणे सोयीचे. म्हणून मुंबई-गोवा महामार्ग किनारा सोडून आतून गेला. महाड, खेड, चिपळूण ही गावे त्याच्यावर आली. किनाऱ्याच्या रस्त्याचे मात्र खाड्यांनी तुकडे केले. एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जायचे, तर होडी गाठायची, नाहीतर आत जाऊन भला मोठा वळसा घालायचा. घाईची रहदारी या भानगडीत पडत नाही. मागे राहिला तो गावचा माणूस, आणि आता सायकलवाला.

सायकलवाल्याला तर ही खाडी सोयीचीच. 2003 सालापासून दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये वाशिष्ठीच्या खाडीत मोटारी वाहून नेणारी फेरीबोट सुरू झाली. तिकडचे लोक तिला जंगलजेटी म्हणतात. पुढे तशाच फेऱ्या दिघी-आगरदांडा, बागमांडला-वेसवी आणि तवसाळ-जयगड इथेही सुरू झाल्या. सायकल हातात धरून बोटीवर चढायचे, कठड्याला टेकवून उभी करायची, आणि पलीकडच्या धक्क्याला उतरून पुन्हा पेडल मारायचे. जो वळसा घालायला एस.टी.ला तासच्या तास लागतात, तो पाण्यावरून थोड्या वेळात चुकतो.

आता एक वाट सांगतो. तीन दिवस लागतील. अंतर लहान आहे, पण घाई करायची नाही.

सुरुवात हरिहरेश्वरला करा. तिथून बागमांडल्याचा धक्का जवळच आहे. समोर सावित्रीची खाडी पसरलेली दिसेल. हीच सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, हे मुलांना धक्क्यावर उभे राहूनच सांगा. बोटीने वेसवीला उतरलात, की तुम्ही रायगड जिल्ह्यातून रत्नागिरी जिल्ह्यात आलात. खाडीच्या कडेने बाणकोटकडे चला. मुखावर टेहळणी करीत उभा आहे तो हिम्मतगड. इंग्रजांच्या हाती आल्यावर त्याला व्हिक्टोरिया किल्ला म्हणू लागले. किल्ल्यावरून खाली पाहिले, की नदी कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो, याची रेघ ओढता येत नाही. वर्गात फळ्यावर आपण ती सहज ओढतो! पुढे वेळास. हे नाना फडणविसांचे गाव. पण आज ते कासवांसाठी अधिक ओळखले जाते. 2002 सालापासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने तिथे समुद्री कासवांची अंडी जपण्याचे काम केले. पहिला मुक्काम इथे करा. घरगुती खानावळी आहेत. या किनाऱ्यावर मात्र सायकल उतरवू नका. वाळूत घरटी असतात.

दुसऱ्या दिवशी भारजा नदीच्या खाडीला वळसा घालून केळशी, तिथून आडे, आंजर्ले, हर्णै आणि दापोली तालुक्यातले मुरूड. हा दिवस चढउतारांचा आहे. समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, असा पुष्कळांचा समज असतो, आणि कोकणात तो पहिल्या तासातच उतरतो. दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचा सडा असतो. खाडीवरून सड्यावर चढायचे, सड्यावरून पुढच्या खाडीत उतरायचे, असा हा खेळ आहे. चढावर खाली उतरून सायकल ढकलण्यात कमीपणा नाही. हर्णैला मासळीचा लिलाव किनाऱ्यावरच होतो, आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. शिक्षकांनी मुरूडला थोडे अधिक थांबावे. हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. सतरा वर्षांचा असताना, 1875 साली, हा मुलगा परीक्षेसाठी इथून घाट चढून पायी साताऱ्याला गेला, आणि तिथे ‘वयाने लहान दिसतोस’ म्हणून त्याला परीक्षेला बसू दिले नाही. तो परत आला, पण शिकणे त्याने सोडले नाही. ही गोष्ट चार चढ पायी ढकलल्यानंतर सांगितली, म्हणजे मुलांना ती निराळीच ऐकू येते.

तिसऱ्या दिवशी कर्दे, लाडघर, कोळथरे करीत दाभोळ. एके काळी हे मोठे बंदर होते. अरबस्तान-इराणकडची जहाजे इथे लागत. आज धक्क्यावर जंगलजेटी लागते. ज्या वाशिष्ठीच्या खाडीतून तुम्ही पलीकडे जाता, तिच्यात कोयनेचेही पाणी असते. कोयना धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या बाजूला उतरवतात, त्यावर वीज तयार होते, आणि मग ते वाशिष्ठीत सोडतात. तुमच्या घरातला दिवा आणि ही खाडी यांचे नाते असे आहे. पलीकडे धोपावे, पुढे गुहागर. आणखी दोन दिवस असतील, तर तवसाळहून जयगड गाठता येते. तिकडे बंदर आणि वीजकेंद्र असल्यामुळे जयगडहून निवळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अवजड गाड्या असतात. तो रस्ता टाळून किनाऱ्याने गणपतीपुळ्याकडे वळावे.

खाडीकाठी एक गोष्ट प्रत्येकाने शिकून घ्यावी, ती म्हणजे भरतीओहोटीची वेळ. घड्याळ आणि पंचांग असले, की दुसरे काही लागत नाही. कोळी बांधवांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती पूर्ण होते. आज पंचमी असेल, तर पाच गुणिले तीन भागिले चार, म्हणजे पावणेचारला भरती. त्यानंतर सहा तासांनी, दहाच्या सुमारास, ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच, आणि दिवसाला जसा तसाच रात्रीला. तो ठोकळ आहे. खाडीत आत जाल तशी भरती उशिरा पोचते. अमावास्या-पौर्णिमेला येते ती उधाणाची भरती, पाणी सर्वांत वर चढते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, ती मंद. गुरुजी, अपूर्णांकाचे यापेक्षा चांगले उदाहरण गणिताच्या पुस्तकात सापडायचे नाही.

शेतकऱ्यांनी पाहण्यासारखेही पुष्कळ आहे. तुम्ही शेताला बांध घालता तो पाणी राहावे म्हणून. खाडीकाठचा शेतकरी बांध घालतो तो पाणी येऊ नये म्हणून! उधाणाचे खारे पाणी एकदा भाताच्या खाचरात शिरले, की जमिनीतला खार धुऊन निघायला पाऊस लागतो. बांधाच्या पलीकडे चिखलात तिवरांचे रान असते. त्यांची काही मुळे भाल्याच्या टोकांसारखी चिखलातून वर येतात आणि हवा घेतात. माशांची पिल्ले त्यांच्या आडोशाने वाढतात. ओहोटीला बायका टोपल्या घेऊन तिसऱ्या वेचायला येतात. हे सारे मोटारीच्या काचेतून एक हिरवा पट्टा होऊन मागे पळते. सायकल तासाला दहा-बारा किलोमीटर जाते, आणि खंड्या पाण्यात सूर मारताना दिसला तर पाय टेकवून थांबते.

आता तयारीविषयी. नवी भारी सायकल घेण्याची गरज नाही. घरी आहे ती घट्ट असावी. ब्रेकची रबरे बदला, कारण सड्यावरून खाडीत उतरताना सगळा भार त्यांच्यावर येतो. दोन ट्यूब, पंक्चरचे सामान, हवा भरायचा पंप, मागे लाल दिवा, आणि डोक्याला हेल्मेट. दिवसाला चाळीस किलोमीटर पुरे. पहाटे निघा, उन्हाच्या आत मुक्काम गाठा. कार्तिक ते माघ हे महिने चांगले. पावसाळ्यात बोटींचे वेळापत्रक वाऱ्यावर अवलंबून असते, तेव्हा आधी चौकशी केल्याशिवाय धक्क्यावर जाऊ नका. ओल्या घट्ट वाळूवरून सायकल छान पळते, पण खारे पाणी चेन खाऊन टाकते. संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, तेलाचे दोन थेंब सोडल्याशिवाय झोपू नका. सायकल तिकडे न्यायची, तर आसनगावहून दिव्याला येऊन कोकण रेल्वेची गाडी मिळते. माणगाव किंवा खेड स्थानकावर उतरता येते. सायकल सामान म्हणून नोंदवावी लागते, त्याची विचारपूस स्थानकावर आधीच करून ठेवा.

आणि सराव? तो आपल्याच गावी. शेणव्याहून डोळखांब, पुढे डेहणे, समोर आजोबाचा डोंगर. या बाजूला महिना-दोन महिने दर रविवारी गेलात, म्हणजे कोकणातला चढ परका वाटणार नाही.

इथवर मौजेचे झाले. आता जे मला खरोखर सांगायचे आहे त्याकडे येतो. ज्या शांततेचे मी वर्णन केले, ती तिथल्या गावकऱ्याची सोय नव्हे. बोट बंद झाल्यावर रात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे असेल, तर त्या घराला खाडी रम्य दिसत नाही. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीला, आंबा बाजारात पोचवणाऱ्या बागाइतदाराला पूल हवा आहे, आणि तो त्यांचा हक्क आहे. रेवसपासून रेड्डीपर्यंत किनाऱ्याने सलग रस्ता असावा, हा विचार बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासूनचा, म्हणजे 1980 नंतरच्या दिवसांतला आहे. त्या सागरी महामार्गावरच्या खाडीपुलांची कामे आता महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतली आहेत. चार दिवस सायकलवर मजा करायला येणाऱ्या पाहुण्याने ‘पूल नको’ म्हणणे शोभत नाही.

मग काय म्हणावे? असे म्हणावे, की मोठ्या रस्त्याने आपली रहदारी न्यावी, पण धाकटा रस्ता आणि तर या दोन गोष्टी मरू देऊ नयेत. तुम्हाला हे समजावून सांगायला नको. तुमच्याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. त्याच्यावर सायकलीला मज्जाव आहे, आणि तो योग्यच आहे. पण म्हणूनच शाळेला जाणाऱ्या मुलीसाठी खालचा गावरस्ता नीट राहिला पाहिजे. मोठ्या रस्त्याकडे पाहताना धाकट्याचे खड्डे बुजवायचे राहून गेले, तर ती मुलगी जाणार कुठून?

दुसऱ्यांनी टाकून दिलेले सायकलीने कसे सोने केले, त्याचा एक दाखला इंग्लंडातला आहे. कॉर्नवॉल परगण्यात कॅमल नावाच्या नदीच्या खाडीकाठाने पॅडस्टो गावापर्यंत 1899 साली रेल्वे नेली होती. 1967 मध्ये ती बंद पडली. रूळ उखडले गेले. पण ती जमीन विकून न टाकता तिथे पायी आणि सायकलने जाण्याची वाट केली. आगगाडीला चढ चालत नाही, म्हणून वाट सपाट. मोटारींना मनाई, म्हणून निर्धास्त. वेडब्रिज ते पॅडस्टो हे खाडीकाठचे नऊएक किलोमीटर लहान मुलेही चालवतात, आणि वाटेवरच्या गावांत सायकली भाड्याने देण्याचा धंदाच उभा राहिला आहे.

तर जपण्याचा दाखला शेजारच्या गोव्यात आहे. मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर सरकारच्या नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटी जातात, आणि पायी जाणाऱ्याकडून भाडे घेत नाहीत. बोट म्हणजे रस्त्याचाच एक तुकडा, असे तिथे मानले आहे. या मानण्याचा उपयोग कसा होतो पाहा. 5 जुलै 1986 रोजी पणजीचा मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा माणसे पलीकडे नेली ती फेरीबोटींनीच. आपल्या सावित्रीवरचाही महाडजवळचा जुना पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात गेला, एस.टी.च्या दोन गाड्या आणि त्यांतली माणसे घेऊन गेला. पूल झाला म्हणून होडी फोडून सरपण करू नये, हा जुना शहाणपणा आहे.

तेव्हा शिक्षकमित्रहो, या वर्षीची सहल ठरवाल तेव्हा याचा विचार करा. लहान वर्गांना एस.टी.ने नेऊन बागमांडला ते वेसवी एवढी बोटीची फेरी जरी घडवलीत, तरी भूगोलाचा एक धडा पुरा होईल. नववी-दहावीची धडधाकट मुले, त्यांच्या पालकांची संमती, बरोबर दोन मोठी माणसे आणि सराव केलेल्या सायकली असतील, तर तीन दिवसांची वाट त्यांच्यासाठी आहे. मुलींनाही न्या. शाळेसाठी रोज सायकल मारणाऱ्या मुलींचे पाय चढाला घाबरत नाहीत.

परत आल्यावर प्रत्येकाकडून एक पान लिहून घ्या. कुठला चढ लागला, भरती किती वाजता आली, पंचमीचा हिशेब जमला की चुकला, बोटीवर कोण भेटले. शेवटी एक प्रश्न घाला: ‘इथे पूल झाला, तर गावाला काय मिळेल आणि काय जाईल?’ याची उत्तरे मुले प्रामाणिकपणे देतील. उद्या ग्रामपंचायतीत, तालुक्यात, सरकारी कचेरीत बसून रस्ते आखणारी माणसे याच मुलांतून येणार आहेत. त्यांनी खाडी एकदा सायकलवरून पाहिलेली असली, म्हणजे नकाशावर रेघ ओढताना त्यांचा हात क्षणभर थांबेल, आणि मोठ्या रस्त्याच्या कडेला धाकट्या वाटेलाही ते जागा ठेवतील.